सुटला तर काय?

अमेरिकेत घरी कोणता प्राणी पाळता येतो, याचे उत्तर राज्यागणिक बदलते. टेक्ससमध्ये राजरोस मिळणारा हेजहॉग कॅलिफोर्नियात बाळगणे बेकायदा आहे. फेरेट आणि जर्बिल यांनाही तिथे बंदी. हवाईत तर हॅमस्टरलाही थारा नाही. त्यावर शहरांचे नियम वेगळेच. न्यूयॉर्क राज्यात चालणारा फेरेट न्यूयॉर्क शहरात चालत नाही.

नोकरीपायी बिऱ्हाड हलवणाऱ्यांना हा सावळागोंधळ वाटतो. पण मुठीएवढा जर्बिल कुणाला फाडून खाणार नाही, हे कायदा करणाऱ्यांनाही कळते. त्यांना धास्ती असते ती तो निसटण्याची. जर्बिल वाळवंटातला, कॅलिफोर्नियाचा कोरडा मुलूख त्याला मानवेल, पण प्रत्येक राज्याचे हवामान मानवेलच असे नाही. म्हणूनच देशभर एकच यादी लावण्याची मागणी चुकीची ठरते.

निसटून इथे स्थिरावलेल्या, मूळच्या दक्षिण अमेरिकेतल्या क्वेकर पोपटाचे पाहा. काड्यांची भलीमोठी सामायिक घरटी तो विजेच्या खांबांवर, ट्रान्सफॉर्मरला खेटून बांधतो. काड्या भिजल्या की शॉर्टसर्किट होते आणि गल्लीची वीज जाते. ब्रुकलिनच्या ग्रीन-वूड स्मशानभूमीच्या कमानीवर त्याची वसाहतच आहे. कॅलिफोर्निया आणि पेनसिल्व्हेनियाने त्याला बंदी घातली आहे. आपला राघूही काही साधा नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे त्याला पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे (वाड्यावाड्यांत पिंजरे टांगलेले असत, ती गोष्ट निराळी). हवाईतल्या काउआई बेटावर मात्र पाळीव राघू सुटले, त्यांचे थवे झाले आणि लिची-पेरूच्या बागांवर पडू लागले. एकीकडे पक्ष्याला माणसापासून जपायचे, दुसरीकडे बागेला पक्ष्यापासून.

खरा दोष नियमांच्या वेगळेपणात नाही, उशिरात आहे. ओहायोत ऑक्टोबर २०११ मध्ये एका मालकाने घरी पाळलेल्या हिंस्र प्राण्यांचे पिंजरे उघडले. पोलिसांना १८ वाघ मारावे लागले. कडक कायदा आला तो २०१२ मध्ये. बर्मी अजगराच्या आयातीवर केंद्राने त्याच वर्षी बंदी घातली, तोवर फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्समध्ये त्याने कधीच बस्तान बसवले होते.

नुसत्या बंदीचा एक धोकाही आहे. दंडाच्या भीतीने मालक रात्री गुपचूप प्राणी कालव्याकाठी सोडून येतो, म्हणजे जे टाळायचे तेच घडते. फ्लोरिडाने यावर तोड काढली आहे: नकोसा झालेला परदेशी प्राणी, बेकायदा असला तरी, सरकारी योजनेत आणून द्यायचा. दंड नाही, शुल्क नाही. तपासणी करून तो आधीच पात्र ठरवलेल्या नव्या पालकाकडे सोपवला जातो. बंदी घालणाऱ्या प्रत्येक राज्याने ही सोय त्याच कायद्यात लिहायला हवी.