रॅम वाढवा, पण आधी मोजा

तुमच्या लॅपटॉपवर लिनक्स असेल आणि रॅम १६ जीबी असेल, तर त्यातली २५६ एमबी जागा तुम्ही काहीही उघडण्याआधीच खर्ची पडलेली असते. कशावर? रॅमचाच हिशेब ठेवण्यावर. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, मेमरीची ४ केबीची पानं पाडतो आणि दर पानामागे ६४ बाइटची नोंद ठेवतो. पान कशासाठी दिलंय, किती जण वापरताहेत, काढून घेता येईल का, हे सगळं त्या नोंदीत. गोदामाची नोंदवही गोदामातल्याच फडताळात ठेवावी, तसं हे. १ टीबी रॅमच्या सर्व्हरवर ही वही १६ जीबीची होते.

मी सांगलीकडच्या एका कॉलेजात ऑपरेटिंग सिस्टिम शिकवते. हा आकडा फळ्यावर मांडला की मागच्या बाकांवरून उत्तर ठरलेलं: ‘‘मॅडम, दीड टक्काच तर आहे. रॅम वाढवायची!’’

मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. डेटा स्ट्रक्चरच्या पेपरात आम्ही वेळेचं गणित चवीनं शिकवतो आणि जागेचं एका ओळीत उरकतो. दर पानाला ६४ बाइटची नोंद असो की ८ बाइटची, परीक्षेत दोन्हींचं उत्तर ‘ओ ऑफ एन’. गुण पूर्ण मिळतात, आठपटीचा फरक मात्र उत्तरपत्रिकेत कुठेच दिसत नाही.

कर्नल लिहिणाऱ्यांना तो फरक विसरून चालत नाही. त्या नोंदीत ८ बाइटचं एक फील्ड वाढवलं, तर १ टीबीच्या यंत्रावर २ जीबी गेलीच. ही जागा डिस्कवर हलवून रॅम मोकळी करण्याची सोयही नाही. म्हणून तिथे एकाच जागेला प्रसंगानुसार वेगवेगळे अर्थ देणारी ‘युनियन’ वापरतात. कोड वाचताना डोकं दुखतं, पण जागा वाचते. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या ५.१६ आवृत्तीत मॅथ्यू विलकॉक्स यांचे ‘फोलिओ’ आले. अनेक पानांचा एकत्र विचार करायचा आणि पुढेमागे ही नोंद ८ बाइटपर्यंत आणायची, अशी त्यामागची दिशा आहे.

दीड टक्का किरकोळ वाटत असेल, तर दुसरं गणित करा. पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेस प्रत्येक जोडणीसाठी वेगळी प्रोसेस चालवतो. सामायिक मेमरी ६४ जीबी धरा. ती सगळी वापरणाऱ्या प्रत्येक प्रोसेसच्या पेज टेबलात दर पानाला ८ बाइट, म्हणजे १२८ एमबी. अशा २०० प्रोसेस असतील, तर २५ जीबी! माहिती एकच, तिच्याकडे जाण्याचे नकाशे मात्र २००. तेच २ एमबीची मोठी पानं वापरली, की सगळे नकाशे मिळून ५० एमबीत बसतात. नवी रॅम लागतच नाही.

प्रोग्रॅमरचा वेळ रॅमपेक्षा महाग, हे मला मान्य आहे. चार लोक वापरणार त्या ॲपमध्ये बाइट मोजत बसू नये. आणि नोंदी ठेवणं म्हणजे उधळपट्टीही नव्हे. त्या नसतील तर कर्नलला प्रत्येक पानाचा मालक शोधत फिरावं लागेल. माझं म्हणणं एवढंच, की एखादी रचना कोट्यवधी वेळा घडणार असेल, तर तिचा एकेक बाइट कुणीतरी विचारपूर्वक खर्च केलेला असावा.

हे शिकवायला महागडी लॅब लागत नाही. सी भाषेत एक कॅरॅक्टर, एक लाँग, पुन्हा एक कॅरॅक्टर अशी रचना लिहा: ६४ बिटच्या लिनक्सवर २४ बाइट. लाँग वर घ्या: १६. फक्त क्रम बदलला आणि एक तृतीयांश जागा वाचली. अशा रिकाम्या फटी दाखवणारं ‘पाहोल’ हे साधन फुकट मिळतं.

अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना माझी विनंती आहे: प्रात्यक्षिक परीक्षेत दहा गुण जागेच्या हिशेबाला ठेवा. रचना किती बाइटची, ती किती वेळा घडणार आणि गुणाकार किती, हे तीन आकडे लिहिल्याशिवाय जर्नलवर सही करू नका.