पिकअप धूर ओकते? आधी कोड विचारा, मग बिल भरा

माल भरून बाजार समितीकडे निघालेली पिकअप चढाला मान टाकते, काळा धूर ओकते, उभी असताना थरथरते आणि समोर पिवळा दिवा लागतो. गॅरेजवाला सांगतो, ‘ईजीआर गेला, नवा टाका.’ माल नासायची भीती, म्हणून आपण मुकाट्याने पैसे मोजतो. पण तो खरोखर गेला की नुसता तुंबला, हे बऱ्याच अंशी घरी ताडता येते.

सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरातला थोडा भाग पुन्हा इंजिनात सोडणारा हा व्हॉल्व्ह. त्याने जळणाची उष्णता उतरते आणि नायट्रोजनचे विषारी वायू कमी होतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांनाही धुराचे कडक नियम लागले. नियम बांधावर आले. तपासणीचे स्कॅनर खेड्यातल्या किती गॅरेजांत आहेत, ते तुम्हीच बघा.

आता निदान. काळा धूर म्हणजे ईजीआरच, असे नाही. एअर फिल्टर धुळीने भरला किंवा टर्बोचा पाइप चिरला तरी हीच लक्षणे दिसतात. म्हणून आधी हे दोन पाहा. त्याला पैसा लागत नाही. मग ओबीडीच्या सॉकेटला लहान रीडर लावून कोड वाचा. पी०४०१ म्हणजे धूर कमी फिरतोय, बहुधा वाट तुंबली. पी०४०२ म्हणजे जास्त फिरतोय, बहुधा व्हॉल्व्ह उघडा अडकला. पी०४०३ आला तर वायर आणि कनेक्टर बघा. कित्येकदा तिथे उंदराने कुरतडलेले असते, आणि त्यापायी सबंध व्हॉल्व्ह बदलला जातो!

कोड ईजीआरचाच असेल तर इंजिन पुरते गार करून, बॅटरीची वायर काढून व्हॉल्व्ह खोला. बंद गाडीत त्याचे झाकण बहुधा मिटलेले असते. काजळीच्या खड्याने फट राहिली असेल तर दोष सापडला. कार्बन क्लीनर आणि मऊ ब्रशने साफ करा, गॅस्केट नवी टाका. विजेचा भाग भिजवू नका, स्क्रू-ड्रायव्हरने खरवडू नका. काही गाड्यांत नंतर स्कॅनरवर सेटिंग करावी लागते, ते आधी विचारून घ्या. साफ करूनही झाकण हलत नसेल, तरच नवा.

‘पत्रा मारून बंद करून टाकू’ असा सल्लाही मिळेल. डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराचा काळेपणा मोजतात, नायट्रोजनचे वायू नाहीत. म्हणून ही चोरी तिथे पकडली जात नाही. पण मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे असा बदल चालत नाही, आणि बीएस-६ गाडीचा संगणक तो ओळखून दिवा लावतो, कधी ताकदही तोडतो.

ग्रामसेवक आणि सरपंचांनीही इकडे लक्ष द्यावे. डिझेलची घंटागाडी दारोदार थांबत, चालू इंजिनावर उभी राहते. काजळी धरायला एवढे पुरे. तिच्या दुरुस्तीचे बिल पुढे आले की कोणता कोड आला ते कागदावर लिहून मागा, आणि काढलेला जुना व्हॉल्व्ह कार्यालयात आणून दाखवायला सांगा.