अहवाल हिरवा, पाणी कसे?

अनेक ग्रामपंचायतींच्या कार्यालयात भिंतीवर एक हिरवे कार्ड असते. राज्यात वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण होते. विहिरीला कठडा आहे का, हातपंपाचा ओटा फुटला आहे का, शेजारी उकिरडा किंवा शोषखड्डा आहे का, जलवाहिनी कुठे गळते का, टीसीएल पावडरचा साठा आहे का, हे सारे पाहून लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. सलग पाच वर्षे हिरवे कार्ड राहिले आणि गावात जलजन्य साथ आली नाही, तर चंदेरी. ही पद्धत चांगलीच आहे. विहिरीभोवतीची घाण हटवायला तिने अनेक गावांना भाग पाडले. पण हे कार्ड सांगते ते धोका किती संभवतो एवढेच. आज सकाळी हंड्यात आलेले पाणी पिण्याजोगे आहे का, याचे उत्तर त्यात नाही. गावकरी मात्र ते उत्तर म्हणूनच वाचतात.

पाणी दोन तऱ्हांनी बिघडते. फ्लोराइड, नायट्रेट, क्षार यांचे प्रमाण हळूहळू बदलते. त्यासाठी वर्षातून एकदा केलेली प्रयोगशाळेतली तपासणी बहुतेक वेळा पुरते. तिथे प्रश्न तपासणीचा कमी आणि पुढच्या उपायाचा जास्त असतो, कारण उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण थोडे वाढतेच. जिवाणूंचे गणित वेगळे आहे. दुपारी स्वच्छ असलेली विहीर रात्रीच्या एका सरीने दूषित होते. गटाराजवळून गेलेल्या फुटक्या वाहिनीतला पाण्याचा दाब उतरला की बाहेरची घाण आत ओढली जाते. असे असूनही जलजीवन अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जिवाणू तपासणी दोनदा, असे किमान प्रमाण आहे. किमान हा शब्द कागदावर राहतो आणि प्रत्यक्षात तेच कमाल होऊन बसते. ३६५ दिवसांपैकी दोन दिवसांचे पाणी तपासून उरलेल्या ३६३ दिवसांची खात्री कोणी देऊ नये.

जुलै २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यात चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी आणि कोयलारी येथे दूषित पाण्यामुळे अतिसाराची साथ आली, माणसे दगावली. थकलेल्या बिलापोटी पाणीयोजनेची वीज तोडलेली होती आणि लोक उघड्या विहिरीचे पाणी पीत होते, असे तेव्हा समोर आले. नळाच्या पाण्याचा अहवाल कितीही चांगला असता तरी त्या आठवड्यात त्याचा उपयोग शून्य होता, कारण गाव ते पाणी पीतच नव्हते. पंप जळतो, रोहित्र बिघडते, उन्हाळ्यात टँकर येतो. लोक ज्या पाण्याकडे वळतात ते त्या दिवशी कोण तपासते?

याउलट जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकिटवाडी परिसरात जीबीएसचे रुग्ण वाढले आणि काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला, तेव्हा काही दिवसांत विहिरी, टँकर, खासगी आरओ प्रकल्प यांचे नमुने घेतले गेले. प्रयोगशाळा जवळ, बातमी रोजची. मेळघाटातल्या किंवा अक्कलकुव्यातल्या पाड्याला ही सोय नाही.

जिवाणू तपासणीचा नमुना म्हणजे नुसते बाटलीत भरलेले पाणी नव्हे. बाटली निर्जंतुक हवी. धातूच्या नळाचे तोंड ज्योतीने तापवून, पाणी थोडा वेळ वाहू देऊन मग ती भरायची. पाण्यातल्या क्लोरीनने वाटेत जिवाणू मारू नयेत म्हणून बाटलीत आधीच थायोसल्फेट घातलेले असावे लागते. मग ती बर्फात ठेवून २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवायची. पावसाळ्यात, पूल पाण्याखाली असताना, आरोग्यसेवकाच्या पिशवीतून एसटीने निघालेली बाटली यातल्या किती अटी पाळते? उशिरा आणि उन्हात तापून पोहोचलेल्या नमुन्याचा निकाल पिण्यायोग्य निघो वा अयोग्य, त्याला फारसा अर्थ उरत नाही. आणि निकाल गावात येईपर्यंत ते पाणी पिऊन झालेले असते.

म्हणून रोजचा भार क्लोरीनच्या तपासणीवर हवा. शेवटच्या टोकाच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असेल, तर वाटेत शिरलेल्या बहुतेक जिवाणूंचा बंदोबस्त होतो. जलसुरक्षक ‘ओटी टेस्ट’ करतात ती यासाठीच. थेंब टाकले की पाणी पिवळे होते. पण इथेही एक खोच आहे. मुक्त क्लोरीनचा रंग पहिल्या दहा सेकंदांतच पाहायचा असतो. नळी तशीच ठेवून पाच-दहा मिनिटांनी पाहिली, तर संयुक्त क्लोरीनही पिवळा रंग देते. मुक्त क्लोरीनच्या मानाने त्याची जंतू मारण्याची ताकद फार कमी. दहा सेकंदांचा हा फरक प्रशिक्षणात ठासून सांगितला नाही, तर वहीतले सगळे ‘पॉझिटिव्ह’ संशयास्पद ठरतात. शिवाय अनेकदा तपासणी टाकीजवळच्या नळाची होते, वस्तीच्या टोकाची नाही. टीसीएल पावडरचेही तसेच. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असते. उघड्या, दमट खोलीत पडलेल्या पोत्यातून ते उडून जाते आणि मागे चुना राहतो. पावडर बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन वरची निवळी ओतायची असते आणि त्यानंतर निदान अर्धा तास थांबायचे असते. टोपलीभर पावडर थेट विहिरीत भिरकावून हे काम होत नाही.

राहिली जिवाणूंची तपासणी. तिला गावातच करता येणारा एक मार्ग भारतीयच आहे. मांजा, मौर्य आणि राव या संशोधकांनी १९८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात तो मांडला. छोट्या निर्जंतुक बाटलीत रसायन लावलेली कागदाची पट्टी असते. पाणी भरून बाटली घरातल्या उबेत ठेवायची. विष्ठेबरोबर येणारे जिवाणू असतील तर ते हायड्रोजन सल्फाइड तयार करतात आणि एक-दोन दिवसांत पाणी काळे पडते. ना बर्फ लागतो, ना एसटी. ही परीक्षा प्रयोगशाळेइतकी अचूक नाही. जमिनीतल्या गंधकामुळेही कधी बाटली काळी पडते आणि न पडलेली बाटली विषाणूंबद्दल काहीच सांगत नाही. पण ‘आज क्लोरीन वाढवा, कारण शोधा, नमुना प्रयोगशाळेला पाठवा’ हे ठरवायला ती पुरेशी आहे.

जलजीवन अभियानात प्रत्येक गावातल्या पाच महिलांना अशा क्षेत्रीय तपासणी संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. तरतूद योग्य जागी आहे, कारण पाणी भरणारी आणि जुलाब झालेल्या लेकराला सांभाळणारी बाईच असते. अडचण पुढे येते. काळी बाटली घेऊन ती ग्रामपंचायतीत गेली, की ‘गावाची बदनामी कशाला’ असे तिला ऐकावे लागणार नाही, याची हमी कोण देते? निकाल पोर्टलवर चढला की काम झाले असे मानण्याची सवय यंत्रणेला लागली आहे. नमुन्यांची संख्या जिल्ह्याच्या आढाव्यात मोजली जाते. दूषित निघालेल्या पाण्याचे पुढे काय झाले, फेरतपासणी कधी झाली, हे विचारणारा रकाना त्या मानाने दुय्यम राहतो. दूषित नमुना सापडणे ही गावाची नाचक्की नसून तपासणी चालू असल्याची खूण आहे, ही भूमिका तालुक्याच्या अधिकाऱ्याने आधी घ्यायला हवी. नाहीतर वह्या कायम हिरव्याच राहतील.

यासाठी नवी योजना लागत नाही. पावसाळ्याचे चार महिने दर आठवड्याला आणि एरवी महिन्यातून एकदा बाटली भरावी. पहिला मोठा पाऊस, पंप बंद पडणे किंवा टँकर येणे, यांपैकी काहीही घडले की दिनदर्शिकेची वाट न पाहता लगेच भरावी. टोकाच्या नळाच्या क्लोरीनचा आकडा तारखेसह ग्रामपंचायतीच्या फलकावर रोज खडूने लिहिला जावा, म्हणजे रिकामी राहिलेली तारीखही लोकांना दिसेल. आणि दर महिन्याला एक बाटली अंगणवाडीच्या पिंपातल्या पाण्याची असावी. विहीर, टाकी, नळ सगळे चांगले असूनही तिथे ओगराळे नसेल, तर पाणी पेला बुडवूनच काढले जाते.