वर जाणाऱ्या चेंडूवरचा बाण

“मुलं लहान आहेत. आधी सूत्रं पाठ होऊ द्या, समज पुढे आपोआप येते.” सातवी-आठवीच्या विज्ञानाबद्दल हे इतक्या वेळा म्हटलं जातं, की त्याला कोणी पुरावा मागत नाही. यात तथ्य अजिबात नाही असं नव्हे. पाढे आपण असेच पाठ केले, गुणाकाराचा अर्थ नंतर उमगला. शिवाय वर्ग भरगच्च, तासिका आखूड. सूत्र फळ्यावर लिहून उदाहरणं सोडवून घेणं सोयीचंच.

पण सात आठे किती, याबद्दल मुलाचं आधीचं काही मत नसतं. बलाबद्दल असतं आणि ते पक्कं असतं: ढकललं तर वस्तू चालते, ढकलणं थांबलं की तीही थांबते. हातगाडी, कपाट, सायकल, सगळीकडे त्याला हेच दिसलेलं असतं, कारण घर्षण डोळ्यांना दिसत नाही. ॲरिस्टॉटलचंही मत साधारण हेच होतं. ते पुरतं मोडीत निघायला न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ यावा लागला, 1687 साली. अशा चिवट मतावर ‘बल = वस्तुमान × त्वरण’ नुसतं चिकटवलं, तर खालचं मत जागचं हलत नाही.

खात्री करून घ्यायची असेल तर हा प्रश्न विचारा. चेंडू सरळ वर फेकला. हातातून सुटून तो वर जात असताना त्याच्यावर कोणती बलं आहेत, बाणांनी दाखवा. हवेचा विरोध सोडून द्या. ‘हाताचा जोर’ म्हणून वरच्या दिशेला ऐटदार बाण हमखास येतो. खरं तर बाण एकच, खालच्या दिशेचा, गुरुत्वाकर्षणाचा. अमेरिकेत जॉन क्लेमेंट यांनी 1982 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वर उडवलेल्या नाण्याबद्दल हेच अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं. यांत्रिकी शिकून झालेल्यांपैकीही बहुतेकांचं उत्तर चुकलं. सूत्र त्यांना येत होतं. समज आपोआप आलेली नव्हती. (मुलांना ढ मात्र म्हणू नये. फेकलेल्या वस्तूत जोर भरून राहतो, असं चौदाव्या शतकात पॅरिसच्या ज्याँ ब्युरिदाँनेही मांडलं होतं.)

दुसरा पक्ष म्हणतो, सूत्रं सोडा, प्रयोग करा. तेवढ्यानेही भागत नाही. गोटी घरंगळून थांबली की मूल म्हणतं, “बघा, जोर संपला!” प्रयोगाने त्याचं जुनंच मत पक्कं झालं. म्हणून काय होईल ते आधी त्याच्याकडून लिहून घ्यावं आणि मग त्यावर वर्गात भांडावं.

भांडायला साधनं हाताशी आहेत. लोकलमधली लोंबती हँडल गाडी सुटताना मागे कलतात, ब्रेक लागला की पुढे. मधल्या टप्प्यात गाडी एकसमान वेगाने भरधाव धावते, तेव्हा ती कुठेच कलत नाहीत. म्हणजे कलणं वेगामुळे नाही, वेग बदलल्यामुळे आहे. घाटात एसटीचा काटा 30 वर स्थिर असला तरी वळणावर आपण बाहेरच्या बाजूला झुकतो: चाल तीच, दिशा बदलली, म्हणून वेग बदलला. हेही त्वरणच.

मग पुन्हा चेंडूकडे या. गुरुत्व त्वरण सोयीसाठी 10 धरा. सेकंदाला 20 मीटर वेगाने वर फेकलेल्या चेंडूचा वेग एका सेकंदाने 10, दोन सेकंदांनी शून्य, तीन सेकंदांनी 10, पण खालच्या दिशेने. “टोकाला वेग शून्य, म्हणून त्वरणही शून्य,” असं कोणीतरी म्हणणारच. त्याला विचारा, मग चेंडू खाली का येतो? त्वरण शून्य झालं असतं तर तो तिथेच टांगलेला राहिला असता. इथे वर्गात गोंगाट होतो. तो होऊ द्यावा. शिकणं चाललंय ते तिथेच.

राहिला प्रश्न परीक्षेचा, आणि ही तक्रार खरी आहे. जे पेपरात येत नाही ते वर्गातही टिकत नाही. तेव्हा पेपर काढणाऱ्यांना एवढीच विनंती: किंमती घालून सोडवायचं एक उदाहरण कमी करा आणि त्या जागी चेंडूवरचे बाण काढायला सांगा. दोन गुण पुरेत.