मसादा आणि नवगाव

मसादाचा विषय निघाला की आपल्याकडचे लेखक थेट चितोडच्या जोहाराकडे धाव घेतात. मृत समुद्राकाठचा तो कडा, रोमनांचा वेढा, इ.स. ७३-७४ मधील ९६० जणांचे सामूहिक मरण. आणि मग ‘हाच ज्यूंचा वारसा’ असा निर्वाळा. तो मला मान्य नाही.

या कथेला आधार एकट्या जोसेफसचा. याच गडावरच्या बंडखोरांनी एन गेदी या ज्यू वस्तीवर छापा घालून सातशेहून अधिक बायकामुले मारली, हेही तोच सांगतो. ते आपण सोयीस्करपणे गाळतो. तालमूदात मसादाचे नावसुद्धा नाही. रब्बींच्या परंपरेने थोरवी गायिली ती वेढ्यातल्या जेरुसलेममधून निसटून याव्ने येथे विद्यापीठ उभारणाऱ्या योहानान बेन झक्काईची. मसादा प्रतीक झाला तो विसाव्या शतकात: लामदानची १९२७ ची कविता, यिगाएल यादीन यांचे १९६३-६५ चे उत्खनन, गडावरचे सैनिकी शपथविधी. नव्या राष्ट्राला असे काही लागते. आपण ते उसने का घ्यावे?

तिकडे हे उत्खनन गाजत असताना कोकणातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्राएलांना स्वतःचे ज्यूपण सिद्ध करावे लागत होते! त्यांच्या विवाहांआधी वंशाची चौकशी करावी, असा दंडक तिथल्या मुख्य रब्बीसंस्थेने १९६२ मध्ये घातला होता. आंदोलनानंतर १९६४ मध्ये क्नेसेटने त्यांना सर्वार्थाने ज्यू म्हणून मान्यता दिली.

त्यांच्याकडे गड नव्हता. अलिबागजवळ नवगावला जहाज फुटले आणि सात पुरुष, सात स्त्रिया वाचल्या, एवढीच त्यांची आद्यकथा. इतिहास म्हणून तीही पारखून घ्यावी लागेलच. पण मसादावरही सातच जण वाचले होते, दोन स्त्रिया आणि पाच मुले, आणि त्यांची आठवण कोणी काढत नाही. नवगावची कथा मात्र वाचलेल्यांपासूनच सुरू होते. पुढे हे लोक घाण्यावर तेल गाळू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवू लागले आणि ‘शनवार तेली’ झाले. गावांवरून दिवेकर, केहिमकर अशी आडनावे घेतली. एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा केला. बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तने रचली. इस्रायलला गेल्यावरही ‘मायबोली’ याच नावाचे मराठी नियतकालिक चालवले.

मसादावर भारावून लिहिणाऱ्या आमच्या मराठीच्या प्राध्यापकांपैकी कितीजणांनी त्यातले एक तरी कीर्तन वाचले आहे? मुलुंडच्या पुढच्याच स्थानकावर, ठाण्यात, १८७९ चे सिनेगॉग उभे आहे. तिथवर जायला विमान लागत नाही.