फावल्या वेळाचा हिशेब



“मी काही करत नाही ताई, घरीच असते. फावल्या वेळात कार्डं करते, एवढंच.”

बोईसरच्या एका चाळीत, दुपारची बैठक सुरू व्हायच्या आधी, हे वाक्य कानावर आले. सांगणारीच्या मांडीवर थर्माकोलचा तुकडा होता, त्यावर जाड कागद आणि हातात सुई. शेजारी तयार शुभेच्छापत्रांची चळत होती. कागदावर दोऱ्याने भरलेली फुले, पणत्या, मोर आणि तारपा वाजवणारा माणूस. चळतीत चाळीसेक कार्डे तरी असतील. आणि तरीही ती ‘काही करत नव्हती’!

हे वाक्य आपल्यापैकी अनेकींनी अनेक वस्त्यांत ऐकले आहे. पापड लाटणारी, बिड्या वळणारी, टिकल्या चिकटवणारी, साड्यांना फॉल लावणारी, सगळ्याजणी हेच म्हणतात. म्हणून यावेळचे संपादकीय या कार्डांवर आणि या ‘फावल्या वेळा’वर.

ज्यांनी हे काम पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायला हवे. आधी नक्षी बटर पेपरवर उतरवतात. तो कागद कार्डावर पक्का बसवतात, खाली थर्माकोल ठेवतात आणि नक्षीच्या रेषेवर सुईने भोके पाडत जातात. भोके फार जवळ पडली तर कागद टरकतो, फार लांब पडली तर रेषा तुटक दिसते. मग सहा पदरी दोऱ्यातला एखादा पदर सुटा करून उलटी टीप किंवा देठाचा टाका घालतात. वर्तुळ भरायचे असेल तर एका भोकातून समोरच्या ठरलेल्या भोकात, मग शेजारच्यातून त्याच्या समोरच्यात, असे सरळ दोरे टाकत जायचे. दोरा एकही वाकडा नसतो, पण शेवटी मध्ये गोल उमटतो. कापडावर टाका चुकला तर उसवता येतो. कागदावर चुकलेले भोक कायमचे! गाठ मारली तर कागदाला फुगवटा येतो, म्हणून दोऱ्याची टोके मागून सेलोटेपने चिकटवतात. आणि सगळे झाले की मागची बाजू दिसू नये म्हणून तिच्यावर दुसरा कागद डकवतात.

हे काम सुंदर आहे यात वाद नाही. ते करणारीला त्यात आनंदही मिळतो. “मोर पुरा झाला की मलाच बरं वाटतं,” असे ती म्हणाली. हा आनंद आपण नाकारू नये. पण तिचा आनंद तिच्या मजुरीतून कापून घ्यायचा अधिकार कुणाला नाही.

या कलेची वंशावळ पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत भोके पाडलेल्या पुठ्ठ्यावर दोऱ्याने सुविचार भरून बायका ते भिंतीवर टांगत. फ्रोबेलने बालवाडीची जी पद्धत घालून दिली तिच्यात मुलांच्या हाताला वळण लागावे म्हणून कागद टोचणे आणि टोचलेल्या भोकांतून दोरा ओवणे ही कामे होती. म्हणजे एकीकडे सुखवस्तू घरातल्या बायकांचा विरंगुळा आणि दुसरीकडे मुलांचा खेळ. व्यापाऱ्याला हे फार सोयीचे आहे. विरंगुळ्याला आणि खेळाला मजुरी कोण देतो?

त्या दिवशी बैठकीचा विषय बाजूला ठेवून आम्ही घड्याळ समोर ठेवले आणि तिला एक कार्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत करायला सांगितले. नक्षी बसवून भोके पाडायला २० मिनिटे. टाके घालायला एक तास. टोके चिकटवणे, मागचा कागद डकवणे, घडी घालणे, पुसून पिशवीत भरणे यांना आणखी २० मिनिटे. एकूण १ तास ४० मिनिटे, आणि हात सरावलेला! आमच्यातल्या एकीने हौसेने बरोबरीने कार्ड करायला घेतले, तिचे तोवर निम्मेही झाले नव्हते.

आता हिशेब करू. हिशेबाच्या सोयीसाठी समजा की आठ तासांच्या कामाचे वेतन ४०० रुपये आहे. म्हणजे तासाला ५० रुपये. १ तास ४० मिनिटांचे झाले ८३ रुपये. ही एका कार्डाची नुसती मजुरी. तिच्यात दोरा नाही, सुई नाही, सेलोटेप नाही, दिव्याचे वीजबिल नाही, माल आणायला-पोचवायला लागणारे रिक्षाभाडे नाही, खराब झाले म्हणून परत आलेल्या कार्डाचा तोटा नाही. कारखान्यात जागा, वीज, हत्यारे मालकाची असतात. इथे खोली तिची, दिवा तिचा, डोळेही तिचेच. तिला एका कार्डामागे जे मिळत होते ते या हिशेबाच्या जवळपासही जात नव्हते. आकडा ऐकून ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “मी कधी घड्याळ लावलंच नाही. मध्येच भात असतो, मध्येच पाणी येतं, पोरगं उठतं.”

फावला वेळ तो हाच. भात शिजेपर्यंतची वीस मिनिटे, नळाचे पाणी येईपर्यंतची पंधरा, रात्री सगळे झोपल्यावरचे दोन तास. असे तुकडे तुकडे जोडून जो दिवस होतो, तो कुठल्याही पाळीइतकाच लांब असतो. फक्त त्याला भोंगा नसतो, म्हणून तो सुरू कधी झाला आणि संपला कधी हे तिलाही कळत नाही.

“मग कारखान्यात का जात नाहीत?” असे कुणी विचारेल. नाव तारापूरचे असले तरी औद्योगिक वसाहत बोईसरच्या दारात आहे. रसायने, औषधे, कापड, पोलाद, सगळे आहे. पण पाळ्या रात्रीच्या, काम कंत्राटाचे, तान्ह्या मुलाला ठेवायला जागा नाही. या वसाहतीतल्या आगी आणि स्फोट आपण वर्तमानपत्रात वाचतो, चाळीतली बाई ते खिडकीतून ऐकते. नवरा नको म्हणतो, सासू नको म्हणते, कधी तिचे स्वतःचेच मन कचरते. किनाऱ्यावरच्या गावांची गोष्ट वेगळी, पण शेवट तोच. कारखान्यांच्या सांडपाण्याने मासळी घटली ही मच्छीमारांची तक्रार राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेली. टोपलीतली मासळी कमी झाली की विकणारीही घरात येते. पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे अणुऊर्जा प्रकल्पासाठी उठली. गाव उठते तेव्हा शेजारही उठतो आणि मूल सांभाळायला हक्काची म्हातारीही जवळ उरत नाही. अशा सगळ्या वाटा बंद होत जातात आणि ‘घरबसल्या काम’ तेवढे उरते. त्याला आपण निवड म्हणायचे का?

कार्डावरच्या त्या तारपावाल्याकडेही पुन्हा पाहू. वारली चित्रातला माणूस म्हणजे दोन त्रिकोण, एक गोल आणि काही रेषा. टोचलेल्या कागदावर दोऱ्याने भरायला याहून सोपी नक्षी नाही, म्हणून व्यापाऱ्याची तिला मागणी. पण ही नक्षी आली कुठून? डहाणू-तलासरी-जव्हारच्या पाड्यांत लग्नाच्या वेळी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जातो. त्या चौकात पालघट देवी असते. तो लिहिण्याचा मान सवाशिणींचा आणि लग्न लावणारी धवलेरीही बाईच. १९७० च्या दशकात भिंतीवरचे चित्र कागदावर आले, शहरात गेले, विकले जाऊ लागले. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ते जगभर नेले, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची प्रतिभा मोठीच होती आणि तिच्याबद्दल आमच्या मनात आदरच आहे. प्रश्न त्यांचा नाही. प्रश्न असा की भिंतीवर होते तोवर जे काम बायकांचे होते, ते कागदावर येऊन त्याला पैसा आणि नाव मिळू लागताच बहुतेक पुरुषांचे कसे झाले? २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांकही मिळाला. आज बोईसरच्या चाळीत दुसऱ्या समाजातली बाई तीच नक्षी दोऱ्याने भरते. नक्षी पहिल्यांदा लिहिणारीचे नाव कार्डावर नाही आणि भरणारीचेही नाही. कार्डाच्या पाठीवर नाव दुकानाचे!

दर मागणे ही या भागाला नवी गोष्ट नाही. १९४५ मध्ये याच मुलखातल्या वारली स्त्री-पुरुषांनी गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या साथीने वेठबिगार नाकारली. त्याच वर्षी गवत कापणीचा संप झाला. मागणी होती ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये. म्हणजे मागणी नगावरच्या दराची होती, आपल्या कार्डासारखीच. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण गेले. नगाचा दर हा किरकोळ प्रश्न आहे असे या जिल्ह्यात तरी कुणी म्हणू नये.

कायदा काय म्हणतो? १९४८ च्या किमान वेतन कायद्याने माल घरी नेऊन काम करणाऱ्यालाही कामगारात धरले होते. त्याची जागा २०१९ च्या वेतन संहितेने घेतली, तिच्यातही नगावरच्या कामाला किमान दर ठरवण्याची तरतूद आहे. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी विड्या वळणारीला कामगार मानले. सोलापूरच्या विडी कामगार बायकांना ओळखपत्र आणि भविष्यनिर्वाह निधी मिळाला तो कायद्यामुळे आणि त्याहून जास्त युनियनमुळे. एलाबेन भट्ट यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने १९८८ च्या ‘श्रमशक्ती’ अहवालात घरखेपेच्या कामाची दखल घेतली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये घरून काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला, भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ‘घरून काम करणारा कामगार’ अशी व्याख्या आहे. हत्यार किंवा कच्चा माल मालकाने दिला असो वा नसो, ती कामगारच, असे ती व्याख्या सांगते. म्हणजे कागदावर आपण आहोत, पण कार्डाला दर ठरलेला नाही.

आणि आता थोडे आपल्याबद्दलही बोलू. ८ मार्चला वाटायची कार्डे आपण कुठून घेतो? घासाघीस करून घेतो ना? बचत गटांना शुभेच्छापत्रांचे प्रशिक्षण देऊन फोटो काढणाऱ्या संस्थांत आपल्याही संस्था आहेत. प्रशिक्षण तीन दिवसांचे, पण माल कुठे विकायचा आणि काय भावाने, हे चौथ्या दिवशी कुणी सांगत नाही. मग त्या शिकलेल्या बायका एकाच व्यापाऱ्याच्या दारात उभ्या राहतात आणि दर आणखी उतरतो. हे आपण केलेले आहे, ते कबूल करायला हवे.

त्या चाळीत आम्ही हिशेब मांडला तेव्हा दुसरी एक बाई स्पष्टच म्हणाली, “तुमचा हिशेब बरोबर आहे हो ताई. पण मी ८३ रुपये मागितले की तो पलीकडच्या चाळीत जाईल. तुम्ही घरी जाल, माझं काम जाईल.” तिला भित्री म्हणणे सोपे आहे, पण ती अनुभवाचे बोलत होती. एकटीने मागितलेला दर म्हणजे काम गमावणे, हे तिला आपल्यापेक्षा चांगले कळते. म्हणून पलीकडच्या चाळीत आपण आधी गेले पाहिजे, व्यापाऱ्याच्या आधी.

काय करता येईल? पहिले काम वहीचे. प्रत्येकीने एक महिना लिहायचे: किती कार्डे नेली, किती दिली, किती परत आली, किती तास लागले, काय मिळाले. लिहिता येत नसेल तिने मुलीला सांगावे, पण मुलीच्या हातात सुई देऊ नये. दुसरे, आपल्या भागातला चालू किमान दर कामगार कार्यालयातून लेखी आणावा आणि वरचा हिशेब त्या आकड्याने करावा. तिसरे, तीन-चार चाळींनी मिळून एकच दर ठरवावा, तोही सणाच्या आधी, व्यापाऱ्याला घाई असते तेव्हा. चौथे, ई-श्रम नोंदणीत ‘गृहिणी’ म्हणून गप्प न बसता आपले काम सांगावे. पाचवे, ज्यांना जमेल त्यांनी स्वतःच विकावे. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत सुरू केले, तिथे आजही बाई लाटी घरी नेऊन पापड लाटते, पण ती संस्थेची सभासद असते. फरक तिथे पडतो.

छापील शुभेच्छापत्रांची सद्दी मोबाइलवरच्या संदेशांनी संपवली. आता जो कार्ड विकत घेतो तो हाताने केलेले आहे म्हणूनच घेतो. व्यापारीही तेच सांगून विकतो. मग ज्या हातासाठी गिऱ्हाईक पैसे मोजते, त्या हाताला भाव मागायची हीच वेळ आहे.

आपल्या गटापासून सुरुवात करू. यापुढे आमच्या विक्रीच्या टेबलावर येणाऱ्या प्रत्येक कार्डाच्या पाठीवर ते करणारीची संमती असेल तर तिचे नाव असेल, ते करायला लागलेला वेळ असेल आणि तिला मिळालेली मजुरी असेल. मागे डकवलेला कागद आम्ही त्यासाठीच वापरणार आहोत. किंमत वाढेल, काही गिऱ्हाइके नाराज होतील, ते सोसू.

तुमच्या वस्तीत कार्डे असतील, लेस असेल, माळा असतील, डब्यांना लेबले असतील. घड्याळ लावून बघा आणि हिशेब आम्हांला कळवा. पुढच्या अंकात तुमचे आकडे छापू. आणि पुढच्या वेळी कुणी म्हणाली, “मी काही करत नाही”, तर तिला फक्त एवढेच विचारा: आज किती झाली?

– संपादक मंडळ