१४ किलोचा फोटो

मंडळी, आधी कबुली देतो, मग भांडतो.

मी गोड्या पाण्यात गरवणारा माणूस. सोमवार ते शुक्रवार हिंजवडीत कोड लिहायचा आणि शनिवारी पहाटे मुळशी नाहीतर पवनेच्या काठावर गळ टाकून बसायचं, हा गेल्या पाच वर्षांचा नेम. खडस (म्हणजे आपला महसीर) लागला, तर हात ओले करून धरायचा, गळ काढायचा आणि सोडून द्यायचा. याचा मला भयंकर अभिमान! काठावर जाळं लावणाऱ्या गाववाल्यांना मी यावर लेक्चरही झाडलेलं आहे.

तर झालं काय, एप्रिलमध्ये ऑफिसातले आम्ही चौघं वेंगुर्ल्याला गेलो. 'खोल समुद्रात मोठा मासा' असं पॅकेज होतं. पहाटे पाचला होडी निघाली. वेंगुर्ला रॉक्सचं दीपगृह मागे पडेपर्यंत मी दोनदा ओकलो होतो. आणि मग रीळ किंचाळलं. पवनेत मासा लागला की दोरी थरथरते, इथे शंभरेक मीटर दोरी बघता बघता गेली! पंचवीस मिनिटं हात भरून आले. तांडेलकाका होडी वळवत राहिले, म्हणजे खरं तर मासा त्यांनीच पकडला, मी फक्त रीळ फिरवलं. सुरमई. १४ किलो. फोटो झाले, काकांनी डोक्यात दांडका घातला. 'सोडूया का?' हा प्रश्न माझ्या मनात आलासुद्धा नाही.

धक्क्यावर ती कापली तेव्हा पोटातून गाबोळीच्या दोन लांबलचक पिशव्या निघाल्या. काका एवढंच म्हणाले, "मोठी मादी होती."

चौघांनी मिळून त्या रात्री जेमतेम दोन किलो खाल्ली. थोडी हॉटेलवाल्याला दिली, बाकीची बर्फात घालून गाडीत टाकली. आंबोली चढेपर्यंत बर्फाचं पाणी झालं, निपाणीला वास सुटला आणि कराडच्या अलीकडे सगळं फेकून दिलं. फोटोला मात्र ऑफिसात तुफान दाद मिळाली :)

आता भांडण.

पहिलं उत्तर मला पाठ आहे, कारण मीच ते आठवडाभर स्वतःला देत होतो. 'एका माशानं काय होतंय? पर्ससीनवाले टनांनी नेतात!' नेतात ना. म्हणूनच महाराष्ट्राने २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध आणले आणि केंद्राने २०१७ मध्ये एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. पण दुसरा सिग्नल तोडतो म्हणून आपणही तोडायचा, हे लॉजिक कोडमध्ये चालेल का? शिवाय ते निदान विकायला मारतात. आपण पैसे मोजतो ते नेमक्या सगळ्यात मोठ्या माशासाठी, आणि तोही फोटोपुरता.

आणि मोठा मासा म्हणजे नुसता जास्त किलोंचा मासा नव्हे. २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात तीनशेहून जास्त जातींच्या माशांचा अभ्यास छापून आला. अटलांटिक कॉडचं त्यातलं उदाहरण असं, की २ किलोच्या २८ माद्या मिळून जेवढी अंडी घालतात, त्याहून जास्त ३० किलोची एकटी मादी घालते. बहुतेक जातींत हाच कल दिसला. म्हणजे समुद्राची मुद्दल आपण ट्रॉफी म्हणून उचलतोय.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार ठरवला, त्याहून लहान मासा धरायचा नाही. उत्तमच. पण तिथे फक्त खालची मर्यादा आहे. मोठ्या मादीला राखायचं, तर ते आपल्या अकलेवरच सोडलेलं आहे.

'सोडलेला मासा मरतोच' हे दुसरं उत्तर. अर्धं खरं आहे. गोबरा, हेकरू यांना खोलातून झपकन वर ओढलं की पोटातली हवेची पिशवी फुगते, मग सोडून उपयोग होईलच असं नाही. तेव्हा खायचा नसेल तर तळाला गळ टाकूच नका. सुरमईला ती पिशवीच नसते. तिला दमवून अर्धमेली केली नाही, होडीत आपटली नाही, पाण्यातच गळ काढला, तर ती जगण्याची शक्यता वाढते.

आणि तांडेलाच्या पोटाचं काय? हा प्रश्न मात्र खरा आहे. मी परवा काकांना फोन करून विचारलं, पुढच्या वेळी मोठी मादी सोडली तर? ते हसले. "पैसे गावले तर सोडूक माझा काय जाता?"

संपलं! अडचण काकांची नव्हतीच, माझी होती. ट्रिपचे हजारो रुपये मोजताना आपण घासाघीस करत नाही, मग माशाचा बाजारभाव काकांच्या हातावर ठेवायला काय हरकत आहे? खायला एखादी लहान, पण कायद्यात बसणारी सुरमई ठेवा. मोठी जाऊ द्या. फोटो पाण्यातला काढा.

गाववाल्यांना दिलेलं ते लेक्चर मात्र मी परत घेतलंय. दीड किलोचा खडस सोडून पुण्य कमवायचं आणि समुद्रात जाऊन गाबोळी भरलेली सुरमई महामार्गावर फेकायची, अशा माणसाने गप्प बसावं. तो फोटो अजून माझ्या डेस्कटॉपवर आहे. मुद्दाम काढला नाही. पुढची ट्रिप नोव्हेंबरात आहे.